आयकॉम आयसी-७३०० : बँडवरचा शेजार किती दिसतो, किती लपतो

हौशी रेडिओच्या ४० मीटर बँडवर, म्हणजे सात मेगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यात, ७.०७७ मेगाहर्ट्झवर एलएसबीत (आवाजाच्या एका मोडमध्ये) बोलायला बसलेल्या स्टेशनला डायलकडे पाहून काहीच वावगे वाटत नाही. एफटी८चा, म्हणजे संगणकाने छोटे संदेश पाठवणाऱ्या डिजिटल मोडचा, आकडा ७.०७४, आपण तीन किलोहर्ट्झ वर, म्हणजे जागा सोडली असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्याचा आवाज ७.०७४३ ते ७.०७६७ एवढ्या पट्ट्यात पसरतो आणि त्या घडीला एफटी८वर असलेल्या जवळजवळ सगळ्यांवर बसतो. उलट ज्याचा डायल नेमका ७.०७४ दाखवतो, तो एलएसबीवाला ७.०७१३ ते ७.०७३७ मध्ये असतो, आणि तो व एफटी८ भिंतीला भिंत लावून सुखाने नांदू शकतात. यूएसबी (अपर साइडबँड, जी एफटी८ वापरते) डायलच्या वर पसरते, एलएसबी (लोअर साइडबँड) खाली. आकडा सारखा असला म्हणून जागा सारखी नसते, आणि आकडा वेगळा असला म्हणून जागा वेगळी होत नाही.

२०१६ साली आलेल्या आयकॉमच्या आयसी-७३०० या रिगने (ऐकणे आणि पाठवणे दोन्ही करणाऱ्या हौशी रेडिओ संचाने) हा हिशेब डोक्यातून पडद्यावर आणला, आणि म्हणूनच या परीक्षणात रिगकडे त्याच एका बाजूने पाहिले आहे. सीडब्ल्यू (मोर्स), एसएसबी (एलएसबी-यूएसबीतला आवाज), एफटी८, आरटीटीवाय (रेडिओ टेलिटाइप), डब्ल्यूएसपीआर (अतिक्षीण चाचणी संकेत) अशी निरनिराळ्या मोडची माणसे एकाच बँडवर असताना हा रिग तुम्हाला चांगला शेजारी होऊ देतो का? मत आधीच सांगून टाकतो: होऊ देतो, आणि फार छान होऊ देतो. पण खोक्यातून काढला आणि चालू केला एवढ्याने नाही, आणि पडद्यावर डोळे झाकून विश्वास ठेवून तर मुळीच नाही.

आपल्याकडे ही कुरबुर सर्वांत जास्त ४० मीटरवर ऐकू येते, आणि त्याला कारण आहे. आशिया आणि युरोपात ७.१०० ते ७.२०० हा भाग पूर्वी ब्रॉडकास्ट स्टेशनांकडे होता. २००३च्या जागतिक रेडिओ परिषदेत ठरल्याप्रमाणे तो २९ मार्च २००९ला मोकळा झाला. तोवर सगळी वस्ती १०० किलोहर्ट्झमध्ये दाटीवाटीने राहत होती. खालच्या टोकाला मोर्स, वर आवाज. भारतातल्या गप्पा आणि सकाळ-संध्याकाळची नेट्स (ठरल्या वेळच्या सामूहिक बैठका) ७.१००च्या खालीच रुजली आणि पुष्कळशी अजून तिथेच आहेत. २०१७ मध्ये एफटी८ आले आणि जगाच्या सोयीने ७.०७४वर स्थिरावले, म्हणजे आपल्या बैठकीच्या मधोमध. यात कोणी कोणाच्या घरात घुसलेले नाही. दोन्ही बाजूंच्या सवयी प्रामाणिक आहेत, फक्त एकमेकींना दिसत नाहीत. एसएसबीवाल्याला एफटी८ म्हणजे मागची घरघर वाटते, आणि एफटी८वाला तर स्पीकर बंद करून बसलेला असतो. त्याला फक्त संगणकावर डिकोड होणे थांबल्याचे कळते.

म्हणून रिग लावण्याआधी ४० मीटरचे काही पत्ते पाठ करावेत. पुढचे डिजिटल आकडे यूएसबी डायलचे आहेत. डब्ल्यूएसपीआर ७.०३८६, पण खरे संदेश ७.०४०० ते ७.०४०२ या दोनशे हर्ट्झमध्ये. एफटी४ (एफटी८चा वेगवान भाऊ) ७.०४७५, म्हणजे साधारण ७.०५०० पर्यंत. एफटी८ ७.०७४, वर ७.०७७ पर्यंत. जेएस८ (एफटी८वर आधारलेला गप्पांचा मोड) ७.०७८, वर ७.०८०५ पर्यंत. आता एलएसबीसाठी हिशेब लावा. ७.०४२ घेतले तर डब्ल्यूएसपीआर बुडते. ७.०४५ घेतले तर तुम्ही ७.०४२३ ते ७.०४४७ मध्ये, दोन्ही बाजू मोकळ्या. ७.०५० हा गोल आकडा सगळ्यांना आवडतो, पण तो पुरता एफटी४च्या अंगावर आहे, ७.०५५ सुरक्षित. ७.०८० घेतले तर एफटी८ सुटते पण जेएस८ सापडते, ७.०८४वर दोन्ही सुटतात. ७.११० हे आपल्या तिसऱ्या विभागाचे (आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघटनेच्या आशिया-पॅसिफिक विभागाचे) आपत्कालीन संपर्काचे केंद्र आहे, त्यामुळे पूर, वादळ, भूकंपाच्या बातम्या असतील तेव्हा तिथे नुसते ऐकावे. बँडप्लॅन (कोणता मोड कुठे, याची आपसांतली वाटणी) हा कायदा नाही, आणि कोणतीही फ्रीक्वेन्सी कोणाच्या नावावर नाही. पण पत्ता माहीत असताना चुकीच्या दारात गाडी लावणे वेगळे आणि माहीत नसताना लावणे वेगळे.

हे पत्ते रिगमध्येच भरून ठेवता येतात. स्कोप (बँडवरचे संकेत दाखवणारे पडद्यावरचे चित्र) फिक्स्ड प्रकारावर टाका आणि स्कोपच्या सेटिंगमध्ये फिक्स्ड एजेसपैकी (चित्राच्या ठरीव कडांपैकी) एक जोडी ७.००० ते ७.२०० करा. आपला अख्खा ४० मीटर एका नजरेत येतो आणि डायल फिरवला तरी चित्र सरकत नाही. काही दिवसांत कुठे कोण राहते ते डोळ्यांना सवयीचे होते. प्रत्येक बँडला तीन जोड्या मिळतात, दुसरी ७.०३५ ते ७.०९० ठेवली की वर सांगितलेली सगळी वस्ती मोठी दिसते.

वॉटरफॉल (स्कोपखाली सरकत जाणारे संकेतांचे रंगीत चित्र) वाचणे ही या रिगबरोबर आपसूक येणारी शाळा आहे. एसएसबी म्हणजे अडीच-पावणेतीन किलोहर्ट्झ रुंद, फाटक्या कडांचा डाग, श्वास घ्यायला थांबला की तुटणारा. सीडब्ल्यू ही एकच बारीक तुटक रेघ. आरटीटीवायचे १७० हर्ट्झ अंतरावर दोन रूळ. पीएसके३१ या अरुंद डिजिटल मोडचा जेमतेम दोरा. एफटी८च्या पन्नास-पन्नास हर्ट्झच्या पट्ट्या, सगळ्या एकाच वेळी सुरू होणाऱ्या आणि एकाच वेळी थांबणाऱ्या: १५ सेकंदांच्या घरात १२.६४ सेकंद प्रसारण, मग रिकामी फट. व्हारासारखा विनलिंकचा (रेडिओवरून ईमेल पाठवण्याच्या सेवेचा) मोड पाचशे किंवा साधारण तेवीसशे हर्ट्झ रुंद ठोकळ्यांत बोलतो, मध्येच गप्प होतो, परत बोलतो. ती शांतता म्हणजे जागा रिकामी झाली असे नव्हे, समोरचे स्टेशन उत्तर देत असते आणि ते तुम्हाला ऐकू येत नसते.

इथे पडद्याची पहिली मर्यादा लागते. सेंटर प्रकारात (आपली फ्रीक्वेन्सी मध्यभागी ठेवणाऱ्या) स्पॅन, म्हणजे दिसणारी रुंदी, ±२.५ ते ±५०० किलोहर्ट्झपर्यंत बदलता येतो. ±५० वर बसून बँड पाहायला मजा येते, पण ४.३ इंचांच्या पडद्यावर शंभर किलोहर्ट्झ पसरले की कमकुवत दोरे रंगात विरून जातात. बोलण्याआधी स्पॅन ±५ किंवा ±२.५ वर आणा, वॉटरफॉलचा वेग हळू ठेवा आणि रेफरन्स लेव्हल इतकी वाढवा की पार्श्वभूमीचा गोंगाट फिकट निळा दिसू लागेल. काळीभोर पार्श्वभूमी दिसायला देखणी असते, पण तिच्यात कमकुवत शेजारी बुडून जातात. हे एक सेटिंग बदलले तरी या रिगच्या पडद्याची किंमत दुप्पट होते.

दुसरी मर्यादा रिगची नाही, आकाशाची आहे, आणि तीच जास्त महत्त्वाची. पडदा फक्त तेच दाखवतो जे तुमच्या अँटेनापर्यंत पोहोचते. दिवसा ४० मीटरवर पुण्याहून नाशिक, नागपूर, पणजी छान ऐकू येते. रात्री स्किप (आकाशातून परतून संकेत जिथे उतरतो ते अंतर) लांबते. पुण्याला नाशिक नाहीसे होते, पण दोघांनाही दूरचा युरोप किंवा आग्नेय आशिया येत असतो. अशा वेळी नाशिकचे स्टेशन ज्या फ्रीक्वेन्सीवर बोलत आहे ती पुण्याच्या पडद्यावर स्वच्छ रिकामी दिसते, आणि पुण्याने तिथे सीक्यू (सर्वांना उद्देशून हाक) दिला की समोरच्या दूरच्या स्टेशनला दोघे एकमेकांवर पडलेले ऐकू येतात. एफटी८मध्येही तेच: जोडीतला एक जण सम पाळीत (१५ सेकंदांच्या घरात), दुसरा विषम पाळीत, तुम्हाला एकच ऐकू येत असेल तर दुसऱ्या पाळीत ती जागा मोकळीच भासणार. शिवाय एफटी८ उणे वीस डेसिबलच्या आसपास आणि डब्ल्यूएसपीआर त्याहूनही कितीतरी खाली डिकोड होते, म्हणजे ज्या संकेताला कान आणि हा पडदा दोन्ही नाही म्हणतील तोही कोणाच्या तरी संगणकावर वाचला जात असतो. मुंबईसारख्या शहरात, जिथे चार्जर, एलईडी दिवे आणि लिफ्टच्या ड्राइव्हमुळे ४० मीटरवर एस-७चा (संकेतमापकावर सातपर्यंतचा) गोंगाट नवलाचा नाही, तिथे तर अर्धा बँड चादरीखाली झाकलेला असतो.

म्हणून जुनी रीत सुटत नाही. एसएसबीवर आधी निदान अर्धा मिनिट ऐका. मग ‘फ्रीक्वेन्सी इन यूज आहे का’ असे कॉलसाइनसकट (आपल्या स्टेशनच्या ओळखखुणेसकट) विचारा, आठ-दहा सेकंद थांबा, पुन्हा विचारा. सीडब्ल्यूवर क्यूआरएल (याच प्रश्नाचा मोर्समधला संक्षेप) आणि प्रश्नचिन्ह. उत्तरादाखल आर, सी किंवा यस आले तर पुढे सरका. तुम्हाला ज्याचा अर्धाच संवाद येतो तो तुमचा प्रश्न ऐकेल आणि समोरच्यासाठीही उत्तर देईल. एफटी८ची जागा निवडताना तीस सेकंद म्हणजे दोन्ही पाळ्या पाहाव्यात, त्याहून कमी पाहणे म्हणजे अर्धेच पाहणे. एक मिनिट पाहिले तर आणखी चांगले, कारण सीक्यू देणारे मध्ये एखादी पाळी थांबतातही.

आता गाळण्यांकडे. आयसी-७३०० या बाबतीत खरोखर श्रीमंत आहे. एसएसबीला कारखान्यातून ३.०, २.४ आणि १.८ किलोहर्ट्झच्या तीन गाळण्या येतात, सीडब्ल्यूला १.२ किलोहर्ट्झ, ५०० आणि २५० हर्ट्झ. सगळ्यांची रुंदी बदलता येते. ट्विन पीबीटीने गाळणीची एक कड आत ढकलून बाजूचा आवाज कापता येतो. मॅन्युअल नॉचने (एकच सूर कापणाऱ्या गाळणीने) कुणाची ट्यूनिंगची शिटी मुळापासून उडते. दाटीच्या रात्री शेजाऱ्याशी वाद घालण्याऐवजी पीबीटीचे बटण दोन अंश फिरवणे हा सर्वांत सोपा सलोखा आहे, आणि हा रिग तो बोटाच्या अंतरावर ठेवतो.

पण इथेच एक सापळा आहे, आणि तो अनुभवी मंडळींनाही लागतो. गाळणी शेजाऱ्याला शांत करते, घालवत नाही. १.८ किलोहर्ट्झच्या गाळणीतून ऐकत असाल आणि प्रसारण मात्र २.८ किलोहर्ट्झ रुंद असेल, तर तुमच्या आवाजाचा एक किलोहर्ट्झ अशा जागेत जातो जी तुम्ही ऐकतच नाही. ऑटो नॉच चालू असेल तर जवळचा सीडब्ल्यूवाला तुमच्यासाठी अस्तित्वातच नसतो. तुम्ही मात्र त्याच्यासाठी असता. त्यामुळे सीक्यू देण्याआधी नॉच आणि एनआर (गोंगाट कमी करणारी सोय) बंद, गाळणी पूर्ण रुंद, पीबीटी मध्यावर. ऐकून, विचारून झाल्यावर हवे ते पुन्हा चालू करा. पाठवण्याची रुंदी ऐकण्याच्या रुंदीपेक्षा कधीच जास्त ठेवू नये.

ती रुंदी ठरवायला या रिगमध्ये टीबीडब्ल्यू (प्रसारण गाळणीची रुंदी) आहे: वाइड म्हणजे १०० ते २९०० हर्ट्झ, मिड ३०० ते २७००, नॅरो ५०० ते २५००. एसएसबीत असताना फंक्शनच्या पडद्यावर टीबीडब्ल्यूला स्पर्श करून ती निवडता येते. मोकळ्या दुपारी वाइडवर आवाज भरदार येतो आणि त्याचा आनंद जरूर घ्यावा. संध्याकाळी ७.०५० ते ७.१०० भरलेले असताना मिड, आणि डीएक्स पाइलअपमध्ये (दूरच्या एका स्टेशनला अनेकांनी एकदम हाका मारण्याच्या गर्दीत) नॅरो. नॅरोमध्ये आवाज थोडा पत्र्यासारखा होतो पण शब्द स्पष्ट पोहोचतात, आणि वर-खालच्या शेजाऱ्यांना मोकळा श्वास मिळतो.

रुंदी ठरवून दिली तरी स्प्लॅटर (शेजारच्या फ्रीक्वेन्सीवर सांडणारा आवाज) होतो, तो गेनमुळे, म्हणजे माइकचा आवाज जास्त वाढवल्याने. मीटर एएलसीवर (प्रसारणाची पातळी आपोआप आवरणाऱ्या यंत्रणेवर) ठेवा आणि नेहमीच्या आवाजात बोलताना काटा एएलसी पट्टीच्या तीस ते पन्नास टक्क्यांत राहील इतकाच माइक गेन द्या. मग कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार आवळणारा) चालू करून मीटर कॉम्पवर घ्या आणि शिखरे त्याच्या खुणेच्या आत ठेवा. दूरच्या स्टेशनने ‘आवाज थोडा कमी आहे’ म्हटले की गेन वाढवायचा मोह होतो. तसे केल्याने त्याला फारसे जास्त मिळत नाही. तीन किलोहर्ट्झवरच्या शेजाऱ्याला मात्र तुमचे प्रत्येक ‘प’ आणि ‘ब’ ऐकू येतात.

आणि दुसऱ्याच्या स्प्लॅटरबद्दल तक्रार करण्याआधी आपलाच रिग तपासावा. नॉइज ब्लँकर चालू असेल तर जवळचा दणकट संकेत प्रत्यक्षात स्वच्छ असूनही फाटलेला ऐकू येतो, कारण ब्लँकर त्याच्याच शिखरांना गोंगाट समजून कापतो. ४० मीटरवर रात्री प्रीअँप (येणारा संकेत वाढवणारा) बंदच हवा. पडद्यावर ओव्हीएफ (रिसीव्हरवर अतिभार झाल्याची खूण) उमटले तर आरएफ गेन खाली घ्या किंवा अॅटेन्युएटर लावा, आयपी+ (दणकट संकेतांत रिसीव्हर सांभाळणारी सोय) चालू करा. एवढे करूनही शेजारी रुंदच दिसला तर मग सांगावे, आणि सांगताना किती किलोहर्ट्झ वर-खाली येत आहे तो आकडा द्यावा. ‘यू आर स्प्लॅटरिंग’ एवढ्याने कोणाला काहीच दुरुस्त करता येत नाही.

डिजिटल मोडसाठी हा रिग फार सोयीचा आहे: एकच यूएसबी केबल (ही संगणकाची वायर, साइडबँड नव्हे), आत साउंडकार्ड, वेगळा इंटरफेस नको. पण ज्या चुका लोकांकडून होतात त्या बहुतेक याच सोयीच्या पोटी होतात. पहिली चूक ४० मीटरवरच होते. बँड बदलला की रिग एलएसबीवर असतो. तिथे डेटा दाबले की एलएसबी-डी लागते. आता तुमचे एफटी८ ७.०७४च्या खाली, उलटे होऊन जाते. कोणालाच डिकोड होत नाही आणि ७.०७१ ते ७.०७४ मधल्या माणसाला विनाकारण त्रास होतो. पडद्यावर यूएसबी-डी दिसलेच पाहिजे. डब्ल्यूएसजेटी-एक्स या एफटी८च्या सॉफ्टवेअरमध्ये रिग आयसी-७३००, पीटीटी (प्रसारण सुरू करणारी कळ) कॅटवर (संगणकाने रिग चालवण्याच्या जोडणीवर) आणि मोड ‘डेटा’ निवडला की सॉफ्टवेअर स्वतःच योग्य बाजू लावते.

दुसरी: मेन्यू, सेट, कनेक्टर्स या वाटेने डेटा मॉडमध्ये (डिजिटल मोडचा आवाज कुठून घ्यायचा त्या सेटिंगमध्ये) यूएसबी, म्हणजे केबलची वाट, निवडा. मग संगणकात जाऊन विंडोजचा नेहमीचा आवाज संगणकाच्याच स्पीकरवर बांधा आणि रिगचे यूएसबी ऑडिओ कोडेक फक्त डब्ल्यूएसजेटी-एक्सला द्या. हे राहून गेले की ईमेल आल्याची टिणटिण एफटी८च्या पाळीत हवेत जाते.

तिसरी, आणि सर्वांत जास्त दिसणारी: ऑडिओ जास्त. ट्यून दाबा, संगणकाचा आवाज आणि यूएसबी मॉड लेव्हल खाली आणत एएलसीचा काटा हलायचा थांबेपर्यंत जा. तसे न केल्यास ६०० हर्ट्झवरच्या तुमच्या एका संकेताच्या सावल्या १२०० आणि १८०० वर उमटतात आणि तुम्ही एकटे तीन जणांची जागा खाता. यावरचा पक्का उपाय सेटिंगमध्येच आहे: स्प्लिट ऑपरेशन ‘रिग’ किंवा ‘फेक इट’वर ठेवा. मग सॉफ्टवेअर प्रसारणाचा टोन नेहमी १५०० ते २००० हर्ट्झमध्ये ठेवते आणि गरजेप्रमाणे रिगची फ्रीक्वेन्सी सरकवते. सावली तयार झालीच तर ती ३००० हर्ट्झच्या वर पडते, आणि तिथे रिगची प्रसारण गाळणी तिला अडवते.

चौथी चूक घड्याळाची. संगणकाची वेळ एक सेकंदाच्या आत बरोबर हवी. डीटीच्या (वेळेतल्या फरकाच्या) रकान्यात सगळीच स्टेशने एकाच दिशेला सरकलेली दिसली तर चूक त्यांची नाही, तुमच्या घड्याळाची आहे, आणि तुमचे प्रसारण दुसऱ्यांच्या पाळीत सांडत आहे. शक्तीबद्दल एवढेच: एफटी८ला २५-३० वॉट भरपूर होतात. १०० वॉट दिले की जवळच्या सगळ्यांचा एजीसी (रिसीव्हरची संवेदनशीलता आपोआप जुळवणारी यंत्रणा) दबतो आणि त्यांना दूरची कमकुवत स्टेशने दिसेनाशी होतात. परवान्यावरची मर्यादा तर पाळायचीच. पॉवरची पट्टी आधीच खाली आणून ठेवावी. होल्ड टीएक्स फ्रीक्वेन्सीला खूण करा, मोकळा पन्नास हर्ट्झचा पट्टा शोधून तिथेच थांबा, समोरच्याच्या डोक्यावर जाऊन उत्तर देऊ नका. टीएक्स वॉचडॉग (ठरावीक वेळाने प्रसारण थांबवणारी सोय) बंद करू नका, नाहीतर तुम्ही जेवायला उठाल आणि रिग रिकाम्या खोलीत सीक्यू देत राहील.

सीडब्ल्यूवाल्यांसाठी थोडके सांगण्यासारखे आहे, कारण त्यांच्या बाबतीत हा रिग मुळातच सभ्य आहे. की-क्लिक (मोर्सच्या ठिपक्या-रेघांच्या कडांवरची टकटक) कमी करायला सीडब्ल्यू-की सेटमध्ये राइझ टाइम (संकेत चढायला लागणारा वेळ) २, ४, ६, ८ मिलिसेकंद असा बदलता येतो. दाटीत ६ किंवा ८ घ्यावा, वेग फार नसेल तर समोरच्याला फरक जाणवत नाही. फुल ब्रेक-इन वापरला तर तुमच्याच ठिपक्यांमधून दुसऱ्याचे क्यूआरएल ऐकू येते. ऑटो ट्यून बटण नेमके झिरो-बीट करून देते (समोरच्याच्या फ्रीक्वेन्सीशी तंतोतंत जुळवते), त्यामुळे उत्तर देणारा शे-दोनशे हर्ट्झ बाजूला पडून आणखी एक जागा अडवत नाही.

कमी पडते ते स्प्लिटमध्ये, म्हणजे ऐकणे एका आणि पाठवणे दुसऱ्या फ्रीक्वेन्सीवर असताना. रिसीव्हर एकच आहे, ड्युअल वॉच नाही. डीएक्स स्टेशन खाली, पाइलअप वर, अशा वेळी दोन्ही एकदम ऐकता येत नाहीत. ए/बी दाबून आलटून पालटून ऐकावे लागते. स्कोपमुळे पाइलअपचा पसारा दिसतो, ही मोठी भरपाई आहे, पण दिसणे म्हणजे ऐकणे नव्हे. स्प्लिटचे बटण एक सेकंद दाबून धरले की दोन्ही व्हीएफओ (रिगमधल्या ए आणि बी या दोन फ्रीक्वेन्सी) सारखे होऊन स्प्लिट चालू होते. मग प्रसारणाचा व्हीएफओ वर न्या आणि पडद्यावर स्प्लिट लिहिलेले पाहिल्याशिवाय पीटीटीला हात लावू नका. डीएक्सच्या फ्रीक्वेन्सीवर चुकून दिलेली एक हाक शंभर जणांची पाळी बुडवते. ज्यांचा मुख्य छंद पाइलअप आहे त्यांनी दोन रिसीव्हरचा रिग पाहावा. ही उणीव कोणत्याही सेटिंगने भरून निघत नाही.

आतला ट्यूनर (अँटेना रिगशी जुळवणारा) एसडब्ल्यूआर (न जुळण्याचे माप) ३ पर्यंतचे जुळवतो आणि पटकन जुळवतो. तरी त्याची शिटी हवेत जातेच. ट्यून करण्याआधी दोन-तीन किलोहर्ट्झ सरकून मोकळी जागा घ्या, ७.०७४, १४.०७४ आणि विशेषतः १४.१०० नको. १४.१०० वर जगभरातले १८ बीकन (संकेत कुठवर पोहोचतात ते कळावे म्हणून ठरल्या वेळी बोलणारी स्टेशने) तीन मिनिटांच्या चक्रात प्रत्येकी दहा सेकंद बोलतात, त्यांत आपला जवळचा कोलंबोचा ४एस७बीही आहे. कॉलसाइन, मग १०० वॉट ते ०.१ वॉटपर्यंत उतरत जाणारे चार लांब सूर. शेवटचा सूर कोणाला तरी ऐकू यावा म्हणून ही सगळी योजना आहे, आणि तो सूर एका बेफिकीर ट्यूनिंगने मरतो. विनलिंकवाल्यांनी इथे जास्त जपावे: संकेताचे केंद्र डायलपेक्षा १५०० हर्ट्झ वर असते, म्हणजे १४.०९८५चा निरुपद्रवी वाटणारा डायल थेट बीकनवर बसतो. पीटीटी स्टार्ट हा पर्याय बंदच ठेवा, म्हणजे बँडवर दूर सरकल्यावर पहिल्याच पीटीटीला ट्यूनर आपोआप शिटी मारणार नाही.

आपला संकेत कसा जातो हे रिगच्या स्वतःच्या पडद्यावरून कळत नाही. तो तुमचे प्रसारण दाखवतो खरा, पण अगदी जवळून, आणि शेजाऱ्याला काय मिळते ते वेगळे असते. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर (इंटरनेटवरून ऐकता-पाहता येणारा रिसीव्हर) २० मीटरवर उघडून स्वतःला तिथे पाहावे. कडा सरळ, मधला भाग भरलेला, बाजूला पिसे नाहीत, असे चित्र दिसले की झाले. त्यापूर्वीची सगळी जुळवाजुळव मात्र हवेत करायची नाही. माइक गेन, कॉम्प्रेसर, यूएसबी मॉड लेव्हल हे सगळे ५० ओहमच्या डमी लोडवर (अँटेनाच्या जागी लावायच्या, शक्ती गिळणाऱ्या रोधकावर) बसवता येते. आधी परवाना, मग रिग, आणि रिगच्याच खरेदीत १०० वॉट सोसणारा डमी लोड. त्यासाठी पैसे कमी पडत असतील तर बाहेरचा स्पीकर आणि महागडा माइक पुढच्या महिन्यावर ढकला.